बोटीच्या इंजिनाचा रॉ वॉटर पंप: इंपेलरची दोन पाती गेली कुठं?

रंकाळावेस

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात बसून बोटीचा धागा काढतोय म्हणून हसू नका, समुद्र आमच्यापासून एक घाट उतरला की आहे.

मी आणि मेव्हणा मिळून वापरतो अशी एक फायबरची बोट मालवणात असते. आत बसवलेलं तीन सिलिंडरचं मरीन डिझेल. पावसाळ्याआधी बोट वर ओढली. त्याआधी काही दिवस लक्षणं अशी होती: एक्झॉस्टमधून इंजिनाबरोबर जे पाणी फसाफसा बाहेर पडतं ते निम्म्यावर आलं, आवाज कोरडा झाला आणि मागं पांढरी वाफ दिसायला लागली. टेंपरेचरचा काटा हळू चालवताना जागेवर असायचा, रेस वाढवली की वर सरकायचा. स्ट्रेनर (येणारं पाणी गाळणारी जाळी) स्वच्छ होता, सी-कॉक (बोटीच्या बुडातला समुद्राचं पाणी आत घेणारा कॉक) पूर्ण उघडा होता. म्हणून रॉ वॉटर पंपावर, म्हणजे समुद्राचं पाणी खेचून इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपावर, संशय गेला.

बोटीत त्या पंपापर्यंत एकच हात पोचतो, तोही आंधळ्यासारखा चाचपडत. त्यामुळं दोन बोल्ट सोडून पंप अख्खाच काढला आणि फोंडा घाटानं कोल्हापूरला घेऊन आलो. इथं घरी व्हाइस आहे, बसायला जागा आहे आणि वर्कशॉपांचा भाग उद्यमनगर हाकेच्या अंतरावर आहे.

झाकणाचे सहा स्क्रू काढल्यावर जे दिसलं ते सांगतो. इंपेलरला, म्हणजे पंपात फिरणाऱ्या रबरी चाकाला, सहा पाती. दोन मुळापासून गायब. तिसऱ्याच्या मुळाशी चीर. बोटानं वाकवलं की ती चीर तोंड उघडते. उरलेली तीन एकाच बाजूला कायमची वाकलेली. पितळी झाकणाच्या आतल्या अंगाला गोल चरे पडलेत, नखाला लागतात.

नवा इंपेलर मागवलाय. जुन्याच्या बुशवरचा (रबराच्या मधल्या पितळी नळीवरचा) नंबर भिंगातून वाचता आला हे नशीब. आता विचारायचं ते असं. गेलेली पाती शोधायलाच हवीत, की ती एक्झॉस्टमधून समुद्रात गेली असतील असं धरून चालावं? झाकण बदलू का? आणि पंपाच्या बुडाला एक बारीक भोक आहे, तिथून पाणी ठिबकायचं, खाली मिठाचा पांढरा ओघळ आहे. त्याचा याच्याशी काही संबंध?

खाडीवाला

पाती शोधायलाच हवीत. अख्खी पाती समुद्रात जाणं जवळपास अशक्य. पंपातून निघालेलं खारं पाणी काही इंजिनांत आधी गिअरच्या ऑइल कूलरमधून जातं, मग हीट एक्स्चेंजरमध्ये शिरतं, जिथं ते इंजिनात फिरणाऱ्या कूलंटला थंड करतं. तिथं बारीक नळ्यांचा जुडगा असतो. खारं पाणी नळ्यांच्या आतून, कूलंट बाहेरून. अख्खं पातं त्या नळीत शिरत नाही, तोंडावर आडवं बसतं आणि दहा-बारा नळ्या एकदम झाकतं. नवा इंपेलर बसवून इंजिन चालू केलंत तर नव्या पंपाचा जोर त्या तुकड्यांना आणखी घट्ट बसवणार. मग पुढच्या सीझनला तुम्ही म्हणणार, इंपेलर नवा टाकला तरी इंजिन तापतंय.

शोधायचं असं. पंपाच्या डिलिव्हरीची होज दोन्ही टोकांनी सोडवा, आत बोट घालून बघा, विशेषतः काटकोनातल्या वळणात. मग हीट एक्स्चेंजरचं पाणी शिरतं त्या टोकाचं झाकण काढा. ओ-रिंग नवी आणून ठेवा, जुनी परत नीट बसत नाही. सापडलेले तुकडे कागदावर मांडून जुन्या इंपेलरच्या शेजारी जुळवा. दोन पाती पूर्ण होईपर्यंत शोध थांबवायचा नाही. तरी नाही सापडले तर जुडग्यात उलट दिशेनं पाण्याचा पाइप लावा. आणि सक्शनची होज विसरू नका. इंजिन बंद झालं की पाणी मागं फिरतं, त्याबरोबर एखादा तुकडा स्ट्रेनरच्या दिशेनंही जातो.

भोकाबद्दल. ते मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाच्या शाफ्टवर दोन सील असतात, एक पाण्याच्या बाजूला, एक इंजिन ऑइलच्या बाजूला, आणि मधल्या जागेतून ते भोक खाली निघतं. पाणी ठिबकतंय म्हणजे पाण्याकडचा सील गेला. ऑइल ठिबकलं असतं तर दुसरा. ते भोक कुणी एम-सीलनं बुजवलं की खारं पाणी थेट बेअरिंगमध्ये, तिथून इंजिनात. पंप हातात आहेच तर दोन्ही सील आत्ताच बदला.

आणखी एक. टेंपरेचरच्या काट्यावर फार विसंबू नका. तो कूलंटचं तापमान सांगतो. खारं पाणी बंद पडलं की आधी भाजते ती एक्झॉस्टची रबरी होज, कारण तिला थंड ठेवणारं तेच पाणी असतं. काटा हलेपर्यंत होज करपलेली असू शकते. तुमच्या कानानं जो कोरडा आवाज टिपला तो काट्यापेक्षा खरा.

उद्यमनगरी

भावा, झाकण टाकून दिऊ नकोस. आधी उलटी बाजू बघ. त्या बाजूला नंबर-बिंबर कोरलेला नसंल आणि सपाट असंल तर पलटी करून बसीव, काम झालं. दोन्ही बाजू गेल्या असतील तर जाड काच घे, त्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून चिकटव आणि प्लेट आठच्या आकड्यात फिरव. दाब सगळीकडं सारखा पायजे. चरे गेले की ६०० वर दोन हात. ग्राइंडरवर धरू नकोस, पितळ आहे, मधी खड्डा पडतोय आणि मग जन्मभर हवा वढतोय त्यो पंप.

आता खरी गोम पॅकिंगमधी हाय. आपल्याकडं कुठल्याबी गॅरेजला पॅकिंग म्हटलं की जाड शीट घ्यायची, बॉडीवर ठेवायची, हातोडीनं कडंनं ठोकून कापायची. डिझेल इंजिनाच्या साइड प्लेटला चालतंय. हितं न्हाई चालत. कंपनीचं पॅकिंग कागदासारखं पातळ असतंय, कारण तेवढीच फट इंपेलरच्या बाजूला ठेवायची असती. जाड टाकलंस की पाणी बाजूनं परत फिरतंय, पंप पाणी उचलंना. पातळ टाकलंस की रबर प्लेटला घासून जळतंय. जुनं पॅकिंग मायक्रोमीटरनं माप आणि तेवढ्याच जाडीचा ऑइल पेपर घे. शेलॅक, सिलिकॉन काय बी लावायचं न्हाई.

आणि इंपेलर बाहेरनं मागवायची काय गरज होती? सँपल द्यायचं, डाय (साचा) करून रबर मोल्डिंगवाल्याकडनं पाच-पन्नास नग काढले असते.

खाडीवाला

झाकण आणि पॅकिंगबद्दल शंभर टक्के सहमत. ऑइल पेपरचं तर वहीत लिहून ठेवावं.

मोल्डिंगला मात्र माझा विरोध आहे. पाती बनवणं सोपं आहे, ती पितळी बुशला चिकटवणं अवघड. मी पाहिलेला सगळ्यात फसवा बिघाड तोच: इंपेलर बाहेर काढला, सहाच्या सहा पाती नव्यासारखी, कुठं चीर नाही, आणि तरी पाणी नाही. बुश पकडीत धरून रबर पिळलं तर ते बुशवर गरगर फिरलं. आत शाफ्ट फिरत होता, बुश फिरत होता, रबर जागच्या जागी. त्यामुळं जुना इंपेलर तपासताना पाती बघून झाली की हे पिळून बघणं पण करा.

दुसरं म्हणजे रबर कुठलं हे महत्त्वाचं. समुद्राच्या पाण्याला निओप्रीन लागतं. तेलकट पाणी किंवा डिझेल उपसायच्या पंपाला नायट्राइल. दिसायला दोन्ही काळीच. मोल्डिंगवाला हाताशी असलेलं कंपाउंड ओतणार.

उद्यमनगरी

कंपाउंड सांगितलं तर त्येच ओततोय की मोल्डिंगवाला. लिहून द्यायचं निओप्रीन आणि कडकपणा किती पायजे त्यो. बुशचं म्हणाल तर बाहेरनं खाचा मारून, रफ करून, प्रायमर लावून मोल्ड केला तर सुटत न्हाई. ज्याचा पंपच आता बाजारात मिळत न्हाई त्यानं काय बोट जाळायची काय?

खाडीवाला

त्याच्यासाठी ठीक. पण धागाकर्त्याचा नंबर मिळतोय.

नवखा_शेतकरी

बोटीतलं मला काही कळत नाही, नदीकाठी ऊस आहे आणि पाणी उपसायला मोटर आहे एवढीच माझी पात्रता. आमच्या मोटरीचा इंपेलर बिडाचा असतो, वर्षानुवर्षं चालतो. मग बोटीला हे रबरी नाजूक प्रकरण कशाला? भाबडा प्रश्न वाटला तर सोडून द्या.

खाडीवाला

भाबडा अजिबात नाही. तुमच्या मोटरीचा इंपेलर पाणी फिरवून बाहेर फेकतो. केसिंगमध्ये हवा असली तर फेकायला त्याच्याकडं काहीच नसतं. म्हणून तुम्हाला पाइपाच्या बुडाशी पाणी धरून ठेवणारा फूटव्हॉल्व्ह लागतो, आणि तो गळका झाला की सकाळी सकाळी घागरीनं पाणी ओतत बसावं लागतं.

बोटीतला पंप पाणी पिळून काढतो. केसिंग आतून गोल असतं, फक्त वरच्या बाजूला एक उंचवटा, त्याला कॅम म्हणतात. रबरी पातं कॅमखाली आलं की दुमडतं, दोन पात्यांमधली जागा आवळते आणि पाणी डिलिव्हरीत ढकललं जातं. कॅम ओलांडलं की पातं सरळ होतं, जागा वाढते आणि सक्शनकडून पाणी खेचलं जातं. हवा असली तर हवाही खेचतो, त्यामुळं पाण्याच्या पातळीच्या वर बसवला तरी स्वतःच पाणी उचलतो. याची किंमत अशी की रबर सतत धातूला घासत असतं आणि त्याचं वंगण म्हणजे तेच पाणी. कोरडा फिरला तर मिनिटभराच्या आत पाती करपायला लागतात.

पूरपथक

धागा आमच्या कामाचा निघाला. आम्ही गावातली पोरं पुरात बोट चालवतो, रबरी बोट आणि मागं आउटबोर्ड मशीन, म्हणजे बोटीच्या बाहेर टांगलेलं इंजिन. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला आलं की आमची धावपळ सुरू होते आणि ४३ फूट म्हणजे धोका पातळी ओलांडली की मग झोप नाही. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत मशीनं दिवसदिवस बंद झाली नाहीत.

आउटबोर्डला पण असाच रबरी इंपेलर असतो, फक्त तो खाली पाण्यात बुडणाऱ्या पायात, गिअरकेसच्या वर बसवलेला. चालतोय का नाही ते मागं जी बारीक धार पडते त्यावरून कळतं. धार बंद झाली की नवी पोरं लगेच पंप खोलायला धावतात. आधी धारेच्या तोंडात तार घालून बघायची. पुराच्या पाण्यात चिखल एवढा असतो की तोंडच बुजतं. मग पाय वर उचलून पाणी शिरायच्या जाळ्या बघायच्या. उसाचं पाचट, प्लास्टिक, केंदाळाची मुळं, काय वाट्टेल ते तिथं चिकटलेलं असतं. हे दोन्ही ठीक असेल तरच पंप.

चिखलाचं पाणी म्हणजे वाळूच, त्यामुळं इंपेलरबरोबर तो जिच्यात फिरतो ती स्टीलची वाटी आणि खालची प्लेटही झिजते. नुसतं रबर बदलून भागत नाही, वाटीला चरे असतील तर ती पण बदलायची. बसवताना शाफ्टवरची चावी (इंपेलरला शाफ्टबरोबर फिरवणारा बारीक धातूचा तुकडा) ग्रीसनं चिकटवून ठेवा, नाहीतर ती टुणकन उडून चिखलात जाते आणि मग सगळे गुडघे टेकून शोधत बसतात. आमच्या मशीनला वाटी खाली दाबताना शाफ्ट घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवत न्यायचा, पाती आपोआप योग्य बाजूला दुमडतात.

आता मनातलं. आउटबोर्डचे सगळ्यात जास्त इंपेलर पुरात जळत नाहीत. ते जळतात जूनमध्ये, जमिनीवर. पाहुणे येतात, नारळ फुटतो, कुणीतरी म्हणतं "चालू करून दाखवा की", आणि मशीन स्टँडवर कोरडंच सुरू होतं. टाळ्या वाजेपर्यंत इंपेलर गेलेला असतो आणि ते कळतं पाण्यात उतरल्यावर, माणसं बोटीत बसवल्यावर. दोनशे लिटरचं प्लास्टिकचं पिंप अर्धं कापून पाण्यानं भरा, पाय त्यात बुडवा, मग काय दाखवायचं ते दाखवा.

नवखा_शेतकरी

कोल्हापूरजवळच्या चिखलीला माझी सासरवाडी. २०१९ ला त्यांना अशाच बोटीनं काढलं होतं. त्या बोटीच्या बुडात एवढंसं रबर असतं हे आज कळलं. दंडवत घ्या.

देवगडची

वरचं सगळं बरोबर, बसवण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्या घरी बोटी आहेत, हे काम मी लहानपणापासून बघत आले आणि आता करते.

जुना काढताना दोन स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. बॉडीच्या कडेला ओरखडा पडला की पॅकिंग कधीच नीट बसत नाही. ओढणी (इंपेलर ओढून काढायचा पुलर) मिळाली तर उत्तम, नाहीतर लांब नाकाच्या दोन पकडींनी समोरासमोरची पाती धरून हलवत हलवत बाहेर. आधी शाफ्टला स्क्रू आहे का चावी आहे ते बघा, काही पंपांत इंपेलर आडव्या स्क्रूनं धरलेला असतो आणि लोक तो न काढता ताकद लावतात.

नवा घालताना त्याच्याभोवती केबल टाय आवळा, पाती सगळी एकाच बाजूला वाकवून. फिरण्याच्या उलट दिशेला टोकं पाहिजेत. पंप खोलायच्या आधीच बॉडीवर खडूनं बाण काढून ठेवलेला बरा. आत ग्लिसरीन लावा, घरी नसेल तर भांडी घासायचं लिक्विड. ग्रीस नको, व्हॅसलीन नको, निओप्रीन त्यानं फुगतं. इंपेलर आत सरकू लागला की टाय आपोआप मागं येतो, मग कापून टाका. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा. ते पितळी असतात, जोर केला तर डोकी तुटतात.

सीलचं सांगते. ज्या बाजूला स्प्रिंग दिसते ते तोंड पाण्याकडे. दुसऱ्या सीलचं तोंड ऑइलकडे. दोघांची पाठ एकमेकांना. शाफ्टवर जुन्या सीलनं खाच पाडली असेल तर नवा सील पण गळणार, नखानं तपासा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रंकाळावेस, नवा इंपेलर आत्ता पंपात बसवून ठेवू नका! बोट वर आहे, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, त्यानंतरही दर्या शांत होईपर्यंत तुम्ही काही उतरणार नाही. एवढे दिवस एकाच जागी कॅमखाली दबून राहिलेलं पातं वाकडंच राहतं. तुमची ती तीन वाकलेली पाती मागच्या पावसाळ्याची देणगी असणार. इंपेलर डब्यात ठेवा, डबा इंजिनाच्या चावीला बांधा.

रंकाळावेस

सगळ्यांचे आभार. या आठवड्यात मालवणला जाऊन आलो, हीट एक्स्चेंजर उघडला. वृत्तांत देतो.

टोकाचं झाकण काढल्यावर जुडग्याच्या तोंडावर एक अख्खं पातं आडवं बसलेलं, खाडीवाल्यांनी म्हटलं तसंच. त्याच्या पाठीमागं अर्धं पातं. चिमट्यानं ओढताना ते नळ्यांच्या कडांचे गोल ठसे घेऊनच बाहेर आलं, गाळणीवर दाबलेल्या कणकेसारखं. उरलेलं अर्धं होजच्या काटकोनात होतं. म्हणजे आमची दोन पाती पूर्ण.

पण तोंडावर आणखी तुकडे निघाले. कडक, चुरा होणारे, जाडीला आमच्या पात्यापेक्षा कमी. जुळवून बघितले, कुठंच जुळेनात. बोट आम्ही वापरलेली घेतली आहे. आधीच्या मालकाच्या काळात कधीतरी इंपेलर तुटला, नवा टाकला आणि तुकडे तिथंच राहिले असं दिसतंय. त्यामुळं "हे इंजिन पहिल्यापासून जरा गरमच चालतं" असं जे आम्ही सगळ्यांना सांगत आलो त्याचं कारण बहुतेक हेच.

झिंक (बाकीच्या धातूंऐवजी स्वतः गंजून त्यांना वाचवणारा तुकडा) जवळजवळ संपलेलं होतं, तेही बदललं. नळ्यांत खाराचा पातळ थर आहे.

झाकण पलटी करून बसतंय, दुसरी बाजू कोरी निघाली. पॅकिंगसाठी ऑइल पेपर उद्यमनगरात मिळाला, दुकानदारानं एवढा पातळ कशाला म्हणून दोनदा विचारलं. दोन्ही सील बसवले, शाफ्टवर खाच नाही. इंपेलर डब्यात. डबा चावीला.

उद्यमनगरी, तुमच्यासाठी जुना इंपेलर ठेवलाय. डाय करून बघायचा असेल तर घेऊन जा, बुशला खाचा मारलेला नग आधी बादलीत चालवून बघू.

उद्यमनगरी

येतो. बादलीत न्हाई, पिंपात. आणि खाडीवाल्यांनी पिळून दाखवायचा, त्यांच्या हातानं सुटला न्हाई तरच पास.

खाडीवाला

मान्य. कोल्हापूरला येण्याला एवढं कारण पुरे, तांबडा-पांढरा तुमच्याकडे लागला.

रंकाळावेस, नळ्यांतला थर सौम्य ॲसिडनं काढता येतो, पण झिंक आधी बाहेर काढून. कुठलं ॲसिड, किती पातळ ते इंजिनाच्या पुस्तकात बघा, कारण नळ्यांचा धातू आणि टोकाच्या झाकणांचा धातू वेगळा असू शकतो. आणि वाफ दिसत होती म्हणताय तर एक्झॉस्टचा एल्बो पण काढून बघा. पाणी धुरात मिसळतं ती जागा. आतून खाराच्या थरानं आणि काजळीनं चिंचोळी होते.

रंकाळावेस

एल्बोचे बोल्ट गंजून एकजीव झालेत. काल एकावर पाना लावला तर डोकं गोल व्हायला लागलं, म्हणून थांबलो.

देवगडची

थांबलात ते बरं केलंत. त्याला वेगळा धागा काढा, फोटोसकट. हा आता इंपेलरचाच राहू दे, शोधणाऱ्याला सापडतो.